पाण्यातली जाळी

सम्मेद चौगुले भाजला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. शिरोलीच्या एमआयडीसीत त्याच्या वडिलांची, बापूसोंची, लहानशी फाउंड्री होती. तिथं पंपाची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, निघायची. त्या दिवशी एका साच्यात कुठंतरी ओल राहून गेली. वितळलेलं लोखंड ओतलं, ओलीची एकदम वाफ झाली आणि लोखंड उसळून बाहेर आलं. सम्मेदनं तोंड फिरवलं म्हणून चेहरा आणि डोळे तेवढे वाचले. मान, छाती, पोट आणि दोन्ही हात भाजले. दोन हजार दोनची दिवाळी तोंडावर आली होती. कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरात फराळाचे डबे अर्धवट भरलेले तसेच राहिले.

त्याची थोरली बहीण आदिती पुण्यात नोकरीला होती. ती रातराणीनं आली आणि स्टँडवरून सरळ स्टेशन रोडच्या दवाखान्यात गेली. वॉर्डचा जिना चढताना तिनं पहिल्यांदा तो आवाज ऐकला. कुणीतरी ओरडत होतं. तो आपल्या भावाचा आवाज आहे हे ओळखायला तिला अर्धा जिना चढावा लागला.

ड्रेसिंग चाललं होतं. भाजलेल्या जखमेवर मलम माखलेलं जाळीचं कापड घालतात आणि त्यावर पट्ट्या बांधतात. एक दिवसाआड ते सगळं काढायचं, जखम धुवायची, मेलेली कातडी उचलायची आणि नवी जाळी घालायची. कितीही भिजवली तरी जाळी जखमेला चिकटून बसते. ती काढताना सम्मेद ओरडायचा. आई, पद्मावती, ड्रेसिंगच्या वेळी खाली औषधाच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसायची आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायची. पोरगा बरा होईपर्यंत तिनं दूध आणि गोड सोडलं होतं. बापूसो वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभे असायचे.

वॉर्डच्या डॉक्टर श्रुती कांबळे उचगावच्या होत्या. तिथल्या बौद्ध वस्तीतून डॉक्टर झालेल्या त्या पहिल्याच. बोलणं रोखठोक.

"आणखी जोराचं इंजेक्शन देता येत नाही का?" आदितीनं विचारलं.

"देता येतं की. पण मग श्वास थांबला तर? आत्ताच जेवढं झेपंल तेवढं दिलंय. बाकीचं त्यालाच सोसायला लागणार."

मग आदिती म्हणाली, "माझ्याकडं एक वस्तू आहे. आणून बघू का?"

ती वस्तू म्हणजे एक हेडसेट होता. आदिती ज्या कंपनीत होती तिथं गाडी शिकणाऱ्यांसाठी एक यंत्र बनवायचं चाललं होतं. डोक्यावर हेल्मेटसारखा हेडसेट चढवायचा. त्याच्या आत दोन डोळ्यांपुढं दोन छोटे पडदे आणि त्यांच्यापुढं भिंगं. पडद्यावर कॉम्प्युटरनं तयार केलेला रस्ता दिसायचा आणि डोकं वळवलं की रस्ताही वळायचा. माणसाला आपण त्या रस्त्यावरच आहोत असं वाटायचं, निदान वाटावं अशी इच्छा होती. तीन वर्षांनी कंपनीनं तो विभागच बंद केला आणि आदितीला दुसऱ्या कामाला लावलं. जुना हेडसेट कपाटात पडून होता. साहेब म्हणाले, न्यायचा असेल तर घेऊन जा.

परदेशातल्या एका दवाखान्यात भाजलेल्या रोग्यांना ड्रेसिंगच्या वेळी असा हेडसेट घालतात, असं तिनं एका मासिकात वाचलं होतं. मन दुसरीकडं गुंतलं की दुखणं थोडं कमी पोचतं म्हणे.

"घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "स्पिरिटनं नीट पुसून घेऊ. डोकं भाजलेलं नाही त्याचं, तेवढ्यापुरतं चालेल."

आदितीनं रजा टाकली आणि कॉम्प्युटरसकट सगळं सामान बावड्याला आणलं. सम्मेदला काय दाखवायचं याचा तिला विचार करावा लागला नाही. तो लहानपणापासून राजाराम बंधाऱ्यावर पोहायचा. उन्हाळ्यात तर पोरगा दिवसभर पाण्यातच. गाडीच्या यंत्रासाठी केलेला रस्ता तिनं मोडला आणि त्याची नदी केली. काळ्या दगडाचा काठ, हिरवट पाणी, पलीकडं झाडं, पाण्याखाली मासे. सगळं ठोकळेबाज होतं, पण नदी होती. सम्मेदचे हात चालत नव्हते, म्हणून तिनं गाडीच्या यंत्राचा पायानं दाबायचा पेडल आणला. पेडल दाबला की माणूस पाण्यात पुढं जायचा.

पहिल्या दिवशी हेडसेट घालताच सम्मेद म्हणाला, "आयला, हे आपल्या बंधाऱ्यागतच दिसायलंय की आक्का."

सिस्टरनं पट्ट्या सोडायला घेतल्या. तो पेडल दाबत होता. थोडा वेळ खरंच बरा गेला. मग जाळी निघायला लागली आणि तो ओरडला, "काढ! काढ हे डोक्यावरचं! पाण्यात जाळं टाकलंय कुणीतरी!"

आदितीला तो काय म्हणतोय ते लगेच कळलं. त्या छोट्या पडद्यावरचं चित्र बारीक चौकोनी ठिपक्यांचं असतं आणि दोन ठिपक्यांमध्ये काळी फट असते. भिंगातून बघताना ठिपके मोठे होतात, तशा फटीही मोठ्या होतात. मग सगळं जग डासांच्या जाळीआडून बघितल्यासारखं दिसतं. पुण्यात तीन वर्षं तिचं हेच काम होतं, ती जाळी घालवायचं. ती गेली नव्हती. शिकणाऱ्याला रस्ता दिसतोय ना, मग पुरे झालं, असं साहेब म्हणायचे.

संध्याकाळी सम्मेद शांत झाल्यावर ती त्याच्याजवळ बसली.

"जरा दुर्लक्ष करून बघशील? सवय होते डोळ्यांना."

"होत न्हाय आक्का. सुरवातीला नदी दिसती. पण जाळी दिसली की ध्यानात येतंय, आता अंगावरची जाळी सोलायला लागल्यात. मग कुठली नदी आन् कुठलं काय. ती जाळी तेवढी काढ. मग बघ, मी वराडणार न्हाय."

आदितीनं रजा वाढवली. घरातल्या पुढच्या खोलीत टेबल मांडून ती कामाला बसली. पुण्यात जे वरवर करून सोडून दिलं होतं ते तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. भिंग किंचित पुढं सरकवलं तर जाळी पुसली जायची, पण तिच्याबरोबर मासे आणि झाडंही पुसली जायची. सम्मेदला दाखवलं तर तो म्हणाला, "चष्मा हरवल्यागत दिसतंय. डोकं दुखतंय." पडद्यावर बटर पेपर लावून बघितला. जाळी गेली, पण कागदाचा स्वतःचाच रवा दिसायला लागला, पाण्यात वाळू कालवल्यासारखा. मग नकाशे काढायची धुरकट फिल्म आणली. ती जरा बरी होती, पण मान हलवली की चित्रावर चमचम व्हायची.

काय पाहिजे ते तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक ठिपका थोडा फुगला पाहिजे, शेजारच्या ठिपक्याला टेकेल एवढाच. त्याहून कमी फुगला तर फट राहते, जास्त फुगला तर सगळं एकमेकांत मिसळतं. त्यासाठी पडद्यापुढं अशी काच पाहिजे की जिच्यावर अगदी बारीक उंचवटे आहेत, पण गुळगुळीत. घासून केलेले खरबरीत नकोत. अशी काच परदेशात मिळत असेलही. इथं ती कुठं शोधणार?

इकडं एक दिवसाआड ड्रेसिंग चालूच होतं. आदिती आता ड्रेसिंगच्या वेळी आत थांबायची. सम्मेदच्या अंगाचा पाय तेवढा धरता येण्यासारखा होता. ती त्याचा घोटा धरून उभी राहायची.

काचेचा मार्ग तिला घरच्याच फाउंड्रीत सापडला. तिथं लाकडी पॅटर्नला, म्हणजे साचा पाडायच्या नमुन्यांना, लॅकरचं पातळ रोगण मारायची एक खोली होती. ती लहान असताना त्या खोलीच्या खिडकीवर लॅकरचा फवारा बसून बसून काच धूसर झाली होती. त्या काचेतून बघितलं की बाहेरच्या माणसांच्या कडा मऊ दिसायच्या. दवाखान्याच्या जिन्यातल्या धुरकट खिडकीकडं बघताना तिला ते आठवलं.

"आण्णा," घरी आल्यावर ती बापूसोंना म्हणाली, "लॅकरची गन चालू आहे का फाउंड्रीतली?"

अपघातानंतर बापूसो फाउंड्रीत गेलेच नव्हते. कुलूप होतं.

"कशाला?"

तिनं सांगितलं. त्यांना कितपत कळलं कुणास ठाऊक. ते उठले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल."

शेडमध्ये सगळं त्या दिवशीसारखंच पडलं होतं. फुटलेला साचा, वाळूवर थिजलेल्या लोखंडाचे गोळे, एक चप्पल. बापूसोंनी तिकडं पाठ केली ती शेवटपर्यंत केली. आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आदितीनं पातळ काचपट्ट्या आणल्या होत्या. त्या फळीवर मांडल्या. बापूसोंनी कॉम्प्रेसर चालू केला, गन हातात घेतली आणि लांबून, हात सारखा फिरवत, फवारा सोडला. काही काचांवर थेंब मोठे बसले. काही एकदम पांढऱ्या झाल्या. ती एकेक काच उजेडाला धरून बघायची आणि नाही म्हणून मान हलवायची.

"आणखी लांबून मारू?"

"लांबून. आणि लॅकर आणखी पातळ करा."

असं त्यांचं दिवसचे दिवस चाललं. दोघं सकाळी जायची, ड्रेसिंग असेल त्या दुपारी दवाखान्यात यायची, परत शेडमध्ये जायची. बापूसो एवढंच बोलायचे, लांबून मारू, जवळून मारू. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती.

एका दुपारी काचांची एक जोडी बरोबर जमली. काच पडद्यापासून किती अंतरावर बसवायची यातच पुन्हा बरेच प्रयोग गेले. शेवटी ती पडद्याला जवळजवळ चिकटूनच बसवावी लागली. आदितीनं हेडसेट डोक्यावर चढवला आणि खोलीत उभी राहिली. पाणी सलग होतं. झाडांची पानं नाही म्हटलं तरी पानांसारखी दिसत होती. मासा जवळून गेला तेव्हा तो ठिपक्यांचा नव्हता. पुण्यात तीन वर्षांत जे जमलं नव्हतं ते झालं होतं. तिला हसू आलं नाही. तिनं हेडसेट काढून वडिलांच्या डोक्यावर ठेवला. बापूसो मान इकडं तिकडं वळवत राहिले आणि मग हेडसेट न काढताच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग झालं ते असं. सिस्टरनं पट्ट्या सोडल्या, सलाईनच्या पाण्यानं भिजवल्या, चिमट्यानं जाळीचं टोक धरलं. सम्मेदचा पाय पेडलवर होता. जाळी उचलली गेली. त्याचे ओठ घट्ट मिटले, श्वास जोरात आला, पण तो ओरडला नाही. पाय पेडल दाबत राहिला.

"झोपला की काय हो हा?" सिस्टरनं घाबरून विचारलं.

"गप बसा," सम्मेद पुटपुटला. "मासं हायत."

तेवढ्यात जिन्यावरून धावत आल्यासारखी पावलं वाजली. पद्मावती दारात उभी होती. तिला धाप लागली होती, चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं? आवाज का येईना त्याचा?"

आदिती तिला बाहेर घेऊन गेली आणि सांगितलं. पद्मावती भिंतीला धरून खाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली.

त्यानंतरचं ड्रेसिंगही तसंच शांत झालं. डॉक्टर कांबळे स्वतः उभ्या राहून बघत होत्या. जाताना त्या आदितीच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "मानलं बाई तुला." पण हेडसेट काढल्यावर सम्मेदनं तोंड भिंतीकडं केलं. आदिती त्याच्या तोंडाकडं वाकली तेव्हा तो रडत होता.

"दुखतंय?"

त्यानं मान हलवली. नाही की हो, ते कळलं नाही.

पुढच्या वेळी तिनं हेडसेट पुसून आणला तेव्हा तो म्हणाला, "नको."

"का? बिघडलंय का काही?"

"बिघडलं न्हाय. लई चांगलं झालंय. म्हणून तर नको." तो थांबून थांबून बोलत होता. "आक्का, आत असताना मला हात असतात. म्हणजे दिसत न्हाईत, पण असतात. मी पवतोय, अंगाला गार पाणी लागतंय. आन् तू ते काढतीस. मग हितं परत यायला लागतंय. हे अंग परत बघायला लागतंय. दर बारीला नव्यानं भाजल्यागत होतंय."

आदितीनं हेडसेट खाटेच्या कडेला ठेवला.

"जाळी हुती तवा बरं हुतं. खोटं हाय ते कळत हुतं."

"मग मी काच काढून टाकते," ती घाईघाईनं म्हणाली. "जाळी परत येईल. थोडं कमी दुखेल एवढंच बघू."

तो हसला. भाजल्यापासून ती त्याला पहिल्यांदा हसताना बघत होती.

"एवढं राबलासा आण्णा आन् तू. आन् आता परत जाळी घालतीस व्हय? असू दे. मला आता ती नदीच नको. आत असलो की वाटतंय, परत येऊच नये. तसं वाटायला लागलं की भ्या वाटतंय. तू आपली पायापाशी उभी ऱ्हा."

सिस्टरनं ड्रेसिंग सुरू केलं. सम्मेद ओरडला. आदितीनं त्याचा घोटा धरला. खाली बाकावर पद्मावतीनं तो आवाज ऐकला आणि पुन्हा णमोकार सुरू केला.

दरम्यान मांडीची कातडी काढून छातीवर लावली होती ती धरली नाही. मग ताप आला. डॉक्टर रोज औषध बदलत होत्या. एके दिवशी त्यांनी बापूसोंना आणि आदितीला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "जंतू रक्तात गेलेत. मी काय लपवून ठेवत नाही. आता किडनीनं साथ सोडली तर आपल्या हातात काही राहणार नाही." बापूसोंनी विचारलं, "मुंबईला हलवू का?" त्या म्हणाल्या, "वाटेतच जाईल तो."

शेवटचे दिवस सम्मेद शुद्धीत नव्हता. बडबडायचा, पण नदीबद्दल काहीच बोलला नाही. फाउंड्रीतल्या कामगारांना हाका मारायचा, भट्टीत कोळसा टाका म्हणायचा. संक्रांतीच्या अलीकडं सकाळी तो गेला. पद्मावती पुन्हा कधी गोड खाणार नाही हे घरात सगळ्यांना न सांगता कळलं.

आदिती पुण्याला परत गेली नाही. रजा संपली, तिनं कळवलंही नाही. ती आणि आई घरात असायच्या. फाउंड्री बंदच राहिली. बापूसो सकाळी उठून आंघोळ करून खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी तिथूनच उठायचे.

फेब्रुवारीत डॉक्टर कांबळ्यांचा फोन आला.

"आदिती, तुझ्यापाशी मागायला तोंड नाही मला. पण जोतिबाच्या डोंगरावरची एक बाई आलीय, चिमणाबाई. गुलाल-नारळाचं दुकान आहे तिचं. स्टोव्हचा भडका उडून भाजलीय. ड्रेसिंग सोसत नाही तिला. तुझा तो हेडसेट देतीस का? सम्मेदला नको झालं म्हणून सगळ्यांना नको होईल असं नाही."

आदिती म्हणाली, "देते. एकदा चालवून बघते."

तिनं कपाटातून हेडसेट काढला. कॉम्प्युटर चालू केला. डाव्या डोळ्यापुढं नदी आली. उजव्या डोळ्यापुढं मधोमध तपकिरी डाग होता आणि भोवती काहीच नव्हतं. तिनं वायरी तपासल्या. मग हेडसेट उघडला आणि तिला दिसलं. पडद्यामागचा दिवा तापतो. ती उष्णता बाहेर जायला पुढं जी जागा होती तिथंच तिनं काच चिकटवली होती. शेवटच्या शेवटच्या वापरात पडदा आतून करपला होता. डाव्या पडद्याच्या कडेलाही पिवळेपणा धरला होता. तिनं काच सुटते का म्हणून पातळ पातं घालून हळू उचलायला बघितली. लॅकरची काच निघाली ती पडद्याचा तुकडा घेऊनच.

ती दवाखान्यात गेली. बापूसोंनी तिला एम-एटी गाडीवरून सोडलं आणि ते खालीच थांबले. डॉक्टर हातमोजे घालत होत्या.

"बिघडलं," आदिती म्हणाली. "माझ्याच काचेनं."

"दुसरं मिळंल कुठं?"

"बनवणारी कंपनी बंद झालीय. दुसऱ्या होत्या त्यांनीही सोडून दिलं. लोकांना नको झालंय हे सगळं."

"परत कोण बनवंल की नाही?"

"बनवतील कधीतरी. कधी ते मला माहीत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. आतून सिस्टरनं हाक मारली आणि त्या गेल्या. दार लोटलं गेलं. आदितीनं दाराच्या फटीतून बाईचे पाय तेवढे बघितले. पायात जोडवी होती.

खाली आली तेव्हा बापूसो गाडीला टेकून उभे होते.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

ते किक मारायला वळले आणि वरून चिमणाबाईचा आवाज आला. त्यांचा पाय तसाच राहिला. औषधाच्या दुकानातला माणूस वर बघून पुन्हा आपल्या कामाला लागला. बापूसोंनी गाडी स्टँडला लावली. आदितीही तिथंच उभी राहिली. दोघंही वर बघत नव्हती, एकमेकांकडंही बघत नव्हती. आवाज मध्ये मध्ये तुटायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. तो थांबायला फार वेळ लागला. थांबल्यावरही ती दोघं जरा वेळ उभी राहिली आणि मग घरी गेली.